देहदान केलेल्या बाबांचं दिवसकार्य करायचं की नाही?

पत्र थोडक्यात असं (ओळख पटेल असे तपशील काढलेत): लिहिणाऱ्या ताई वडोदऱ्याच्या, वय 47, पणजोबा गायकवाडी नोकरीत आले तेव्हापासून घर इथेच. वडील गणिताचे शिक्षक, देवधर्म फारसा मानत नव्हते, देहदानाचा फॉर्म त्यांनी खूप आधीच भरून ठेवला होता. चार महिन्यांपूर्वी ते गेले आणि दोन-तीन तासांत मेडिकल कॉलेजची गाडी येऊन त्यांना घेऊन गेली. अग्नी नाही, अस्थी नाहीत, दहावा-तेरावा नाही, फक्त एक बेसणं (शोकसभा) ठेवलं. आता आई (वय 74) नीट जेवत नाही, रात्री उठून बसते, रोज पहिला घास गच्चीच्या कठड्यावर कावळ्यासाठी ठेवते आणि "त्यांना वाट मिळाली नाही" एवढंच म्हणते. काका म्हणतात नर्मदाकाठी चांदोदला चला, पुतळा करून त्याला अग्नी देऊ, सगळं यथासांग करू. टोरंटोचा भाऊ म्हणतो असलं काही केलंत तर तो बाबांच्या विचारांचा अपमान, मला त्यात धरू नका. ताई विचारतात, "बाबांशी प्रामाणिक राहू की आईला सांभाळू? आणि करायचंच ठरलं तर भाऊ नसताना मी केलं तर चालतं का?"

ताई,

तुमच्या पत्रात काकांचं म्हणणं एक पानभर आहे, भावाचं जवळजवळ तेवढंच आहे, आणि आईचं एक वाक्य आहे. तुमचं स्वतःचं तर काहीच नाही. बाबा गेले तेव्हा गाडी बोलावणं, सह्या करणं, लोकांना कळवणं हे सगळं तुम्हीच केलं असणार, हे पत्रावरून दिसतंच, पण तुम्हाला काय झालं, तुम्ही कधी रडलात का, हे कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून उत्तराकडे जाण्याआधी एवढं सांगते की हा प्रश्न फक्त आई आणि भाऊ यांच्यामधला नाहीये, त्यात तुम्हीही आहात, तुमचेही वडील गेलेत.

आता तुम्ही प्रश्न ज्या पद्धतीने मांडलाय त्याकडे येते, कारण मला अडचण तिथेच वाटते. बाबांशी प्रामाणिक की आईला सांभाळू, असं तुम्ही विचारता, म्हणजे या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत हे तुम्ही धरूनच चाललाय. पण बाबांची इच्छा नेमकी कशाबद्दल होती? स्वतःच्या देहाबद्दल. तो जाळू नका, मुलांना शिकायला द्या. ती इच्छा पुरी झाली, अगदी जशीच्या तशी, आणि ती तुमच्यामुळे पुरी झाली, कारण फॉर्म भरलेला असला तरी त्या दिवशी घरचे नाही म्हणाले तर कॉलेज बॉडी नेत नाही आणि कितीतरी घरांत ऐन वेळी नातेवाईक मागे हटतात. तुम्ही हटला नाहीत. बाबांशी प्रामाणिक राहणं म्हणतात ते हेच, आणि ते झालेलं आहे, ते आता कोणी पुसू शकत नाही, काका नाही, चांदोदचे गुरुजी नाही, कोणीच नाही.

राहिला प्रश्न मागे राहिलेल्यांनी शोक कसा करायचा याचा. त्याबद्दल बाबांनी काही लिहून ठेवलंय का? "माझ्यामागे तुझ्या आईला काही करू देऊ नका" असं कधी म्हणाले का? भावाला हेच विचारा. आणि अजून एक विचारा, आजी गेली तेव्हा बाबांनी काय केलं होतं? तिच्या श्राद्धाच्या जेवणाला ते पानावर बसत होते की नाही? देव न मानणारी पण बायकोच्या गौरींसाठी सकाळी जाऊन फुलं आणणारी माणसं आपल्यात भरपूर आहेत. तुमचे बाबा तसे होते का मला माहीत नाही, तुम्हाला माहीत असेल. स्वतः न मानणं वेगळं आणि दुसऱ्याला मनाई करणं वेगळं, आणि भाऊ बहुतेक दुःखाच्या भरात या दोन्हींची गल्लत करतोय.

आईच्या मनात मात्र दुसरी गाठ आहे. अग्नी नाही म्हणून गती नाही, असं तिला वाटतंय. तिच्याशी यावर वाद घालू नका, पण आपल्याच घरातल्या गोष्टी तिला आठवण करून द्या. संन्याशाला आपल्यात अग्नी देत नाहीत, समाधी देतात. अगदी लहान मूल गेलं तर पुरतात. लिंगायतांमध्ये दफनच होतं. ज्ञानेश्वर महाराजांनी 1296 मध्ये आळंदीला समाधी घेतली, तिथे कुठे चिता होती? त्यांना गती मिळाली नाही असं आई म्हणेल का? आणि आपण गुजरातेत राहतो, साबरमतीच्या काठावर दधीचींचा आश्रम होता असं इथले लोक मानतात, ज्यांनी वज्रासाठी स्वतःच्या अस्थी दिल्या. तुमच्या बाबांनी केलं ते काही परक्या देशातून आलेलं फॅड नाही हे आईला तिच्या भाषेत सांगता येतं.

जगात इतर ठिकाणी बघितलं तर हे आणखी स्पष्ट होतं की देहाचं काय करायचं हा एक प्रश्न आहे आणि गेलेल्या माणसाचं काय करायचं हा दुसरा. तिबेटमध्ये देह डोंगरावर गिधाडांना देतात, शेवटचं दान म्हणून, आणि प्रार्थना मात्र 49 दिवस चालू असतात. आपल्या शेजारच्या पारशी लोकांचं बघा, दोखम्यात, म्हणजे उघड्या मनोऱ्यात, देह ठेवायचा, पक्ष्यांना द्यायचा, आगीला आणि मातीला विटाळ होऊ द्यायचा नाही, इतका पक्का नियम. मग जनावरांना द्यायचे त्या डायक्लोफेनॅक औषधामुळे, मेलेली जनावरं खाणारी गिधाडंच मेली, 2006 मध्ये ते औषध जनावरांसाठी बंद झालं तरी गिधाडं काही लगेच परत आली नाहीत, आणि समाजात केवढे वाद झाले, शेवटी 2015 मध्ये मुंबईत वरळीच्या स्मशानभूमीत दहन करणाऱ्या पारशांसाठी प्रार्थनेची जागा झाली. वाद अजून आहेतच. पण देहाची पद्धत बदलली म्हणून त्या घरांनी चौथ्या दिवसाच्या प्रार्थना सोडल्या नाहीत, गेलेल्याच्या नावाने दान जाहीर करायचं सोडलं नाही. म्हणजे तुमच्यासमोर जे आलंय ते फार जुन्या आणि फार धार्मिक समाजांसमोरही आलंय आणि त्यांनी वाट काढलीये.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते, आणि ते चांदोदबद्दल नाही, मेडिकल कॉलेजबद्दल आहे. थायलंडमध्ये देहदान केलेल्या माणसाला विद्यार्थी गुरू मानतात, शिकायला सुरुवात करण्याआधी त्यांच्यासमोर फुलं घेऊन नमस्कार करतात, आणि शिक्षण संपल्यावर घरच्यांबरोबर उभं राहून अंत्यसंस्कार करतात. जपानमध्ये मेडिकल कॉलेजं दरवर्षी देह देणाऱ्यांसाठी स्मरणसभा घेतात आणि काम संपल्यावर दहन करून अस्थी घरी परत देतात, कधी एक वर्षाने, कधी दोन-तीन वर्षांनी. तैवानमधलं त्सू ची विद्यापीठ तर त्याहून पुढे जातं, विद्यार्थी आधी घरच्यांना भेटतात, हा माणूस कोण होता, काय करायचा, स्वभाव कसा होता ते लिहून घेतात, आणि शेवटी देह पुन्हा नीट शिवून, कपडे घालून, निरोप देतात. आपल्याकडेही आता एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला डिसेक्शन सुरू होण्याआधी मुलांना देहाचा मान राखण्याची शपथ देतात, बऱ्याच कॉलेजांत फुलं वाहून.

तुमचे बाबा शिक्षक होते ना? मग आईला वाटतंय की ते कुठेतरी अधांतरी अडकलेत, आणि प्रत्यक्षात ते एका वर्गात आहेत जिथे मुलं त्यांच्याकडून शिकतायत, रोज. हे आईला कोणी सांगितलंय का? नुसतं तोंडी सांगून पोचणार नाही. कॉलेजच्या ॲनाटॉमी विभागात फोन करा, हेड ऑफ डिपार्टमेंटना भेटायची वेळ मागा, आणि सरळ विचारा: तुमच्याकडे शपथेचा कार्यक्रम कधी असतो, घरच्यांना येता येतं का, आईला मुलांशी दोन शब्द बोलता येतील का, बाबांबद्दल एक पानभर लिहून दिलं तर मुलांना वाचून दाखवाल का, आणि काम संपल्यावर अवशेषांचं काय करता, दहन करत असाल तर आम्हाला कळवाल का, थोडी रक्षा मिळू शकेल का. प्रत्येक कॉलेजचे नियम वेगळे असतात, सगळ्याला हो मिळेलच असं नाही. पण विचारल्याशिवाय काहीच कळणार नाही, आणि "कळवू" एवढं उत्तर मिळालं तरी आईसाठी त्या गोष्टीला एक शेवट दिसायला लागतो. डिसेक्शन हॉलमध्ये मात्र तिला नेऊ नका, तिने मागितलं तरी नको. ऑफिसमध्ये, लेक्चर हॉलमध्ये भेटा.

काकांच्या पुतळ्याबद्दल. ते काही मनाने काढून सांगत नाहीयेत, शास्त्रात पालाशविधी आहे, माणूस परदेशात वारला, देह सापडलाच नाही तर पळसाच्या पानांच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. किती जुन्या काळापासून लोकांना हा प्रश्न पडलाय बघा. पण माझं स्पष्ट मत, तुमच्या बाबतीत तो करू नये. तो विधी हरवलेल्या देहासाठी आहे आणि बाबांचा देह हरवलेला नाही, तो कुठे आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पुतळा जाळला तर आईच्या मनात उलट तेच पक्कं होईल की जे झालं ते अपुरं होतं, ते आता दुरुस्त केलं. शिवाय भाऊ ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त दुखावेल तीही नेमकी हीच आहे. हे काकांना सांगताना "अंधश्रद्धा" वगैरे शब्द काढू नका, त्यांचाही भाऊ गेलाय, आणि त्यांना खांदा द्यायला मिळाला नाही. त्यांना दुसरं काम द्या, ते पुढे सांगते.

पण चांदोदला जाणं म्हणाल तर मला त्यात काहीच गैर वाटत नाही. नर्मदा आणि ओरसंगचा संगम, तिसरी सरस्वती गुप्त, वडोदऱ्याच्या मराठी घरांतल्या कितीतरी पिढ्या तिथे गेल्यात, आईनेही सासू-सासऱ्यांसाठी तिथेच केलं असेल. पिंडदान किंवा नुसतं तिलतर्पण, संगमात ओंजळभर पाणी, एवढं केलं तरी आईच्या हातून काहीतरी होईल. तिच्या हातून होणं महत्त्वाचं आहे. त्या दिवशी सगळं दोन-तीन तासांत झालं, पन्नास वर्षांचा संसार, आणि तिला बहुतेक तुळशीपत्रसुद्धा घाईत ठेवायला लागलं. "वाट मिळाली नाही" म्हणते ती, पण निरोप द्यायला मिळाला नाही हे त्याच्या आत असू शकतं. तुम्ही तिला विचारा. "तुला काय करावंसं वाटतं" असं, काकांचा आणि दादाचा विषय न काढता, दोघीच असताना. कदाचित ती पिंड मागेल, कदाचित म्हणेल त्यांच्या शाळेत मुलांना जेवण घाल. मला खरंच माहीत नाही आणि तुम्हालाही अजून माहीत नाही.

जायचं ठरलं तर दोन साध्या गोष्टी. अमावास्येला जाऊ नका, शेजारी करनाळीला कुबेर भंडारीच्या दर्शनाला त्या दिवशी प्रचंड गर्दी असते, 74 वर्षांच्या बाईला झेपणार नाही. आणि गुरुजींशी आधीच फोनवर बोलून काय करणार, किती वेळ लागेल, दक्षिणा किती हे ठरवून घ्या, आणि देहदान झालंय हे स्पष्ट सांगा. जे गुरुजी ऐकून नाक मुरडतील, आत्मा भटकतोय वगैरे आईसमोर बोलतील असं वाटेल, ते नकोत, दुसरे बघा. प्रत्येक विधीचा अर्थ मराठीत किंवा गुजरातीत सांगा असंही म्हणा. हे मागायला लाजू नका, सयाजीराव महाराजांनी 1915 मध्ये बडोदा संस्थानात पुरोहितांसाठी कायदाच केला होता की त्यांनी परीक्षा पास व्हावी आणि यजमानाला त्याच्या भाषेत अर्थ समजावून सांगावा. म्हणजे आपल्या गावात ही मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे.

तुम्ही केलं तर चालतं का? चालतं. आता आपल्याकडे मुली अग्नी देतात, पिंडही देतात, पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने तर स्त्री पुरोहित तयार केल्या आणि अंत्यसंस्कार, श्राद्ध यांच्या अर्थासकट छोट्या पोथ्याही काढल्या, त्या मागवून घरच्या घरी करता येतं. आणि हा प्रश्न फक्त आपला नाही. ज्यू लोकांत (कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल आठवा) आईवडिलांसाठी अकरा महिने कद्दिश नावाची प्रार्थना म्हणतात, आणि रूढीने ती मुलाने म्हणायची. अमेरिकेतल्या हेन्रिएटा झोल्ड या बाईंची आई 1916 मध्ये गेली, त्या आठ बहिणी, भाऊ नाही. घरच्या ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले मी तुमच्या वतीने म्हणतो. बाईंनी त्यांचे मनापासून आभार मानले आणि पत्र लिहून नाही म्हणून सांगितलं, की हे काम माझं आहे, आमच्या आईला मुलगा नाही याची खंत मी तिच्या तोंडून कधी ऐकली नाही, वडील गेले तेव्हाही मुलींची जागा तिने कुणा दुसऱ्याला घेऊ दिली नव्हती. झोल्डबाई रूढी पाळणाऱ्या होत्या, म्हणूनच त्यांना ते स्वतः करायचं होतं. त्यामुळे ताई, "भाऊ नसताना" हा शब्द काढून टाका. तो इथे असता तरी तुम्ही करू शकला असतात.

उशीर झाला का, हेही तुमच्या पत्रात दबून आहेच. नाही झाला. कद्दिश अकरा महिने चालते ते मी आत्ताच सांगितलं. बालीमध्ये तर गरीब घरं आधी देह पुरतात आणि पैसे जमले की गावातली बरीच कुटुंबं मिळून एकत्र दहनाचा सोहळा करतात, कधी कधी त्याला काही वर्षं जातात, आणि ते अपुरं मानत नाहीत. आपल्याकडेही वर्षश्राद्ध आहेच की, तिथीला अजून आठ महिने आहेत. पहिल्या वर्षी पितृपक्षात करायचं की नाही यात घराघरांत फरक असतो, तो वाद आत्ता उकरू नका, सरळ वर्षश्राद्धाचा दिवस धरा. पण तोपर्यंत काहीच नाही असंही नको, कारण आईला रोजच्या दिवसात काहीतरी हवंय, म्हणून तर ती घास ठेवते. तो घास ठेवू द्या. बाबांच्या फोटोपाशी एक कोपरा करा, त्यांचा चष्मा, खडूची पेटी, जे असेल ते. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत घरोघरी असाच कोपरा मांडतात, गेलेल्यांचे फोटो, त्यांना आवडायचं ते खाणं, आणि सगळीकडे झेंडू, तोच आपला दसऱ्याचा झेंडू, मुळात तिकडूनच आलेला. तिथे त्या दिवशी लोक रडतात तसे हसतातही, गेलेल्याच्या खोड्या सांगतात. तुमच्या घरात चार महिन्यांत बाबांची एखादी गंमत कोणी मोठ्याने सांगितली का?

काकांना जे काम द्या म्हटलं ते हे: वर्षश्राद्धाच्या आसपास बाबांच्या नावाने जे काही कायमचं करायचं ते त्यांनी उभं करावं. शाळेत गणिताच्या मुलासाठी, मुलीसाठी दरवर्षीचं बक्षीस, किंवा लायब्ररीत गणिताच्या पुस्तकांचं एक कपाट. गायकवाडांनी पूर्वजांसाठी कीर्ति मंदिर बांधलं 1936 मध्ये आणि भिंतींवर नंदलाल बोस यांच्याकडून चित्रं काढून घेतली, त्याच घराण्याने 1910 मध्ये गावाला सेंट्रल लायब्ररीही दिली. मला विचाराल तर या दोन्हींत शिक्षकाला शोभणारी दुसरी, पण आईला दगडावर कोरलेलं नाव बघायचं असेल तर शाळेत छोटी पाटी लावा, त्यातही कमीपणा नाही.

भावाला मोठा मेसेज लिहू नका. व्हिडिओ कॉल करा, आईला बाजूला बसवून नाही, तुम्ही एकट्याने. त्याला सांगा की पुतळा होणार नाही, आणि तर्पण होईल ते आईसाठी. त्यात त्याने यायलाच हवं असं नाही. पण ॲनाटॉमीच्या मुलांना द्यायचं ते बाबांबद्दलचं पान त्याने लिहावं, किंवा निदान अर्धं लिहावं. तोही लांब एकटा आहे, त्याने बाबांना शेवटचं बघितलं ते फोनच्या स्क्रीनवरच असणार. विचारांचा अपमान म्हणून तो एवढा का भांडतोय याचं कारण मला त्यातच वाटतं.

आणि एक, हे टाळू नका. चार महिने नीट जेवण नाही, रात्री झोप नाही, वय 74. आईला या आठवड्यातच फॅमिली डॉक्टरांकडे न्या, वजन, बीपी, शुगर, थायरॉइड बघून घ्या, आणि झोपेबद्दल, उदासीबद्दल मोकळं बोला. दुःख आहे म्हणून तपासायचं नाही असं नसतं, आणि नुसत्या तर्पणाने झोप येईलच असं मी तुम्हाला सांगणार नाही.

देहदानाचा फॉर्म घरात असलेल्या बाकीच्या वाचकांसाठी, कारण यावर पत्रं येत असतात: देहदान म्हणजे लगेच गाडी बोलवायची असं नाही. बहुतेक वेळा देह काही तास घरी ठेवता येतो, आंघोळ, नवे कपडे, हार, तुळशीपत्र, गंगाजल, भजन, सगळ्यांचा नमस्कार, हे सगळं करून मग पाठवा, फक्त नेत्रदानही करायचं असेल तर ते साधारण सहा तासांच्या आत व्हायला लागतं म्हणून तो फोन आधी करा. डॉक्टरांचं मृत्यूचं सर्टिफिकेट लागतं. पोस्टमॉर्टेम झालं असेल किंवा काही संसर्गजन्य आजार असतील तर कॉलेज बॉडी घेत नाही, तेव्हा दहनाची मनाची तयारीही ठेवा आणि त्यात इच्छा मोडली असं मानू नका. आणि फॉर्म भरतानाच त्याच्या मागे स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवा की माझ्यामागे घरच्यांनी कोणते विधी करावेत, कोणते नकोत, आणि माझ्या जोडीदाराला जे करावंसं वाटेल ते करायला माझी हरकत नाही. त्याची एक झेरॉक्स परदेशातल्या मुलालाही पाठवा.